जैवरसायनशास्त्रातील पीएच.डी.: खानदेशातील विद्यार्थ्यांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांतील एम.एस्सी. झालेले किंवा होऊ घातलेले विद्यार्थी, आणि बऱ्याचदा त्यांचे पालक, जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात त्यांची उत्तरे येथे एकत्र केली आहेत. नियमांना आधार आहे तो विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, म्हणजे यूजीसीच्या, ७ नोव्हेंबर २०२२ रोजी अधिसूचित झालेल्या पीएच.डी. विनियमांचा. प्रत्येक विद्यापीठ त्या चौकटीत राहून स्वतःचे अध्यादेश काढते. अर्ज भरताना तो अध्यादेश समोर असावा.

१. पीएच.डी. म्हणजे एम.एस्सी.नंतरचे आणखी काही पेपर असेच ना?

नाही. पेपर असतात ते फक्त कोर्सवर्कचे. ते किमान १२ श्रेयांकांचे (क्रेडिटचे) असते, त्यात संशोधन व प्रकाशन नीतिमत्तेचा २ श्रेयांकांचा अभ्यासक्रम येतो आणि ५५ टक्के गुण मिळवावे लागतात. हा भाग पहिल्या वर्षात आटोपतो. उरलेली वर्षे एका प्रश्नाच्या मागे जातात, आणि त्या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही पुस्तकात नसते. एम.एस्सी.च्या प्रात्यक्षिकात प्रयोग फसला तर आपले काहीतरी चुकले असे मानायचे असते. पीएच.डी.त प्रयोग फसला तर आपण चुकलो, रसायन बिघडले होते की निसर्गच तसा आहे, या तिन्ही शक्यता तपासाव्या लागतात.

२. किती टक्के लागतात? माझे एम.एस्सी.ला ५३ टक्के आहेत.

खुल्या प्रवर्गासाठी पदव्युत्तर पदवीला किमान ५५ टक्के किंवा तेवढी श्रेणी लागते. अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, नॉन-क्रीमीलेअर इतर मागासवर्ग, दिव्यांग आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक यांना ५ टक्क्यांची सवलत आहे, त्यामुळे या प्रवर्गांतील विद्यार्थी ५३ टक्क्यांवर पात्र ठरतो. मात्र जातवैधता आणि नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्रे अर्जाच्या तारखेला हातात असावीत. ती नंतर सादर करतो, असे म्हणणाऱ्यांचे अर्ज दरवर्षी बाद होतात.

३. नव्या चार वर्षांच्या पदवीनंतर एम.एस्सी. न करता थेट प्रवेश मिळतो का?

मिळतो. त्यासाठी चार वर्षांच्या, म्हणजे आठ सत्रांच्या पदवीत एकत्रित ७५ टक्के गुण हवेत. प्रश्न २ मधील प्रवर्गांना येथेही ५ टक्क्यांची सवलत आहे. वाट खुली असली, तरी ज्याने चौथ्या वर्षी खरोखर हाताने प्रकल्प केला आहे त्यानेच ती धरावी असे आमचे मत आहे. पिपेट नीट धरता न येणाऱ्या मुलाला प्रवेशपत्र मिळाले, तरी पहिले दीड वर्ष एम.एस्सी.तच काढावे लागते.

४. माझी एम.एस्सी. बायोटेक्नॉलॉजीची आहे, मैत्रिणीची रसायनशास्त्राची. दोघींना जैवरसायनशास्त्रात घेतील का?

बायोटेक्नॉलॉजी, सूक्ष्मजीवशास्त्र, वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र हे बहुतेक ठिकाणी संलग्न विषय मानले जातात. रसायनशास्त्राबाबत विद्यापीठागणिक फरक आहे, तो अध्यादेशातील संलग्न विषयांच्या यादीत पाहावा. केंद्रीय संशोधन संस्था याबाबत अधिक मोकळ्या असतात. एन्झाइमची रचना किंवा औषधरेणू यांवर काम करणाऱ्या प्रयोगशाळेत रसायनशास्त्राचा विद्यार्थी उलट हवाच असतो. वैद्यकीय जैवरसायनशास्त्र ही वेगळी शाखा आहे आणि तिची पीएच.डी. नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडून होते.

५. पेट, नेट, गेट: नेमकी कोणती परीक्षा द्यायची?

जेआरएफ, म्हणजे कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती, मिळवायचीच या तयारीने आधी सीएसआयआर-नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेचा जीवविज्ञानाचा पेपर द्यावा. ही परीक्षा वर्षातून दोनदा होते. एकूण २०० गुण आणि तीन तास असतात. भाग अ मध्ये २० पैकी १५ प्रश्न, भाग ब मध्ये ५० पैकी ३५ आणि भाग क मध्ये ७५ पैकी २५ प्रश्न सोडवायचे असतात. पहिल्या दोन भागांत प्रत्येक प्रश्नाला २ गुण, तर भाग क मध्ये ४ गुण आहेत. साहजिकच निम्मे गुण एकट्या भाग क मध्ये आहेत, आणि तेथे पाठांतर उपयोगी पडत नाही. जेलचे चित्र किंवा आलेख देऊन त्यातून काय सिद्ध होते ते विचारतात.

जून २०२४ पासून नेटचा निकाल तीन गटांत लागतो: जेआरएफसह सहायक प्राध्यापक पात्रता, सहायक प्राध्यापक पात्रतेसह पीएच.डी. प्रवेश, आणि केवळ पीएच.डी. प्रवेश. पहिल्या गटातील उमेदवाराची फक्त मुलाखत होते. उरलेल्या दोन गटांसाठी नेटच्या गुणांना ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के भार असतो, आणि हे गुण प्रवेशासाठी एक वर्षच चालतात.

विद्यापीठाची स्वतःची पेट, म्हणजे पीएच.डी. प्रवेश परीक्षा, असते तेथे निम्मे प्रश्न संशोधन पद्धतीवर आणि निम्मे विषयावर असतात, पात्रतेसाठी ५० टक्के लागतात. गेट देणाऱ्यांनी जीवविज्ञानाचा एक्सएल पेपर निवडावा. त्यात रसायनशास्त्र सक्तीचे असून जैवरसायनशास्त्र हा ऐच्छिक विभाग आहे. याशिवाय केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाची बीईटी ही पात्रता परीक्षा आणि टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या केंद्रांसाठी होणारी जीवशास्त्राची संयुक्त प्रवेश परीक्षा या दोन्हींचा अर्ज जरूर भरावा.

६. फेलोशिप किती मिळते? त्यावर घर चालते का?

१ जानेवारी २०२३ पासून जेआरएफला दरमहा ३७,००० रुपये आणि दोन वर्षांनी मूल्यमापन होऊन एसआरएफ (वरिष्ठ अधिछात्रवृत्ती) झाल्यावर ४२,००० रुपये मिळतात. घरभाडे भत्ता वेगळा असतो. एकूण मुदत पाच वर्षांची असते. जळगावात खोली घेऊन राहणाऱ्या एकट्या माणसाचे त्यात व्यवस्थित भागते. अडचण आकड्यात नसून वेळेत आहे: पैसे कधी दोन, कधी चार महिने उशिरा येतात. पहिल्या सहा महिन्यांच्या खर्चाची सोय हाताशी ठेवूनच रुजू व्हावे. घरी हप्ते चालू असतील तर हे आधीच मोकळेपणाने सांगून टाकावे.

७. नेट निघाली नाही. राज्य सरकारची काही मदत आहे का?

आहे. अनुसूचित जातींसाठी पुण्याची बार्टी, मराठा व कुणबी समाजासाठी सारथी, आणि इतर मागासवर्ग, विमुक्त जाती, भटक्या जमाती व विशेष मागासवर्गासाठी नागपूरची महाज्योती या संस्था पीएच.डी.साठी अधिछात्रवृत्ती देतात. सातपुड्यातील आदिवासी विद्यार्थ्यांनी केंद्राच्या आदिवासी व्यवहार मंत्रालयाची राष्ट्रीय अधिछात्रवृत्तीही पाहावी. नंदुरबारच्या मुलांना तिची माहितीच नसते, असा आमचा अनुभव आहे. यांतील बहुतेक योजनांना पीएच.डी.ची निश्चित झालेली नोंदणी लागते. म्हणजे आधी प्रवेश, मग अर्ज. मधले महिने बिनपैशाचे धरावेत.

८. गाईड कसा शोधावा? ओळखीचे सर घ्यावेत की नावाजलेले?

सर्वाधिक विचारला जाणारा आणि सर्वात कमी विचार करून निकालात काढला जाणारा हा प्रश्न आहे. आधी नियम पाहू. गाईड कायमस्वरूपी अध्यापक असावा लागतो. प्राध्यापक व सहयोगी प्राध्यापकाच्या नावावर किमान पाच, तर सहायक प्राध्यापकाच्या नावावर किमान तीन शोधनिबंध हवेत. प्राध्यापकाकडे एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा आणि सहायक प्राध्यापकाकडे चार विद्यार्थी असू शकतात. म्हणून ‘जागा आहे का’ हा प्रश्न पहिल्याच भेटीत विचारण्यात काही वावगे नाही.

नियमांपलीकडचे पाहण्यासाठी प्रयोगशाळेत प्रत्यक्ष जावे, शक्यतो सर नसताना. तेथील तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला चहाला न्यावे आणि साध्या गोष्टी विचाराव्यात. रसायन संपले की नवे यायला किती दिवस लागतात? सेंट्रिफ्यूज स्वतःचे आहे की दुसऱ्या विभागात रांग लावावी लागते? सर लिहिलेला मसुदा किती दिवसांत वाचून देतात? मागचे दोन विद्यार्थी किती वर्षांत बाहेर पडले? मग डीप फ्रीझर उघडून पाहावा. डब्यांवर नाव, तारीख आणि नमुन्याचा क्रमांक नीट लिहिलेला असेल, तर त्या प्रयोगशाळेत काम शिस्तीत चालते असे समजायला हरकत नाही. बर्फात रुतलेल्या, शाई पुसलेल्या नळ्यांचा ढीग दिसला तर गाईडची कीर्ती कितीही मोठी असो, दोनदा विचार करावा.

ओळखीचे सर असणे हा गुणही नाही आणि दोषही नाही. पण घरच्या संबंधातून मिळालेल्या गाईडला ‘सर, हे मला पटत नाही’ असे म्हणणे फार जड जाते, आणि पाच वर्षांत ते म्हणण्याची वेळ एकदा तरी येतेच.

९. जळगावलाच करावी की पुण्या-मुंबईला, बंगळुरूला जावे?

जेआरएफ हातात असेल आणि घरची परवानगी असेल तर पुण्यातील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्र, आयसर किंवा आघारकर संशोधन संस्था, नवी मुंबईतील अॅक्ट्रेक ही कर्करोग संशोधन संस्था आणि बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था येथे प्रयत्न करावा. महागडी उपकरणे तेथे हाताशी असतात, आणि शेजारच्या टेबलावरच्या माणसाकडून न विचारता बरेच शिकायला मिळते.

जळगावला बांभोरीजवळ कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ आहे. १९९० मध्ये स्थापन झालेल्या या विद्यापीठात जीवशास्त्र प्रशाळा आहे आणि तेथे जैवरसायनशास्त्र शिकवले जाते. येथे राहण्याचा खरा फायदा घर जवळ असणे हा नाही, कारण घर जवळ असले की लग्नकार्ये आणि केळीची कटाईही जवळ येते. फायदा संशोधनाच्या सामग्रीचा आहे. त्यासाठी पुढचा प्रश्न पाहावा.

१०. विषय कसा निवडावा? सर म्हणतात ‘तूच सुचव’.

तीन गोष्टी एकत्र जुळल्या पाहिजेत: तुमची उत्सुकता, गाईडचा अनुभव आणि वर्षभर मिळणारा नमुना. पहिल्या दोन्हींबद्दल सगळेच बोलतात. तिसरीमुळे मात्र थिसिस अडतात. दूरच्या राज्यातून मागवाव्या लागणाऱ्या, वर्षातून तीन आठवडेच फुलणाऱ्या वनस्पतीवर विषय घेतला आणि एक हंगाम हुकला, की एक वर्ष गेले.

रावेर-यावलच्या विद्यार्थ्याच्या दाराशी केळी आहे. कच्च्या केळीच्या गरात सुमारे २० टक्के असणारा स्टार्च पिकताना एक-दोन टक्क्यांवर येतो. कोणती एन्झाइमे, कोणत्या क्रमाने आणि कोणत्या तापमानाला हे करतात, हा पूर्ण जैवरसायनशास्त्राचा प्रश्न आहे. घड काढल्यानंतर वावरात पडणारी खोडे, त्यांतील सेल्युलोज आणि ते फोडणारे जिवाणू हा दुसरा. २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेले जळगावचे भरिताचे वांगे आहे. नंदुरबारकडे सिकलसेल हा रक्ताचा आजार आहे, ज्यात हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीतील सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते. मात्र त्यासाठी आधी प्रश्न १६ वाचावा.

स्थानिक सामग्री म्हणजे दुय्यम संशोधन, हा समज सोडावा. विज्ञानात पीएच.डी. मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्री कमला सोहोनी यांनी १९३९ मध्ये केंब्रिजची पदवी घेतली ती वनस्पतींतील सायटोक्रोम सी या प्रथिनावरील कामासाठी, आणि त्या कामाची सुरुवात बटाट्यापासून झाली होती. पुढे मुंबईत त्यांनी नीरा आणि कडधान्यांवर संशोधन केले.

११. प्रयोगशाळेत सगळ्यात जास्त वेळ कशात जातो?

शुद्धीकरणात. केळीच्या गरातून एखादे एन्झाइम वेगळे करायचे आहे असे समजा. गर बफरमध्ये वाटला की पाहता पाहता तो तपकिरी होतो, कारण पॉलिफिनॉल ऑक्सिडेज फिनॉलांवर लगेच काम सुरू करते आणि तयार झालेली क्विनोने प्रथिनांना चिकटतात. म्हणून सारे बर्फावर करायचे, बफरमध्ये फिनॉले धरून ठेवणारे पीव्हीपी आणि तपकिरी होणे रोखणारे अॅस्कॉर्बिक आम्ल घालायचे. हे प्रमाण जमेपर्यंतच दोन-तीन महिने जातात.

पुढचा हिशेब असा असतो. उदाहरणादाखल, मूळ अर्कात २०० मिलिग्रॅम प्रथिन आणि १,००० एकके क्रियाशीलता आहे, म्हणजे मिलिग्रॅममागे ५. अमोनियम सल्फेटने साका पाडून डायलिसिस केल्यावर, म्हणजे पातळ पडद्याच्या पिशवीतून क्षार काढून टाकल्यावर, ४० मिलिग्रॅम व ७०० एकके उरली, म्हणजे १७.५, शुद्धता साडेतीन पट, उत्पन्न ७० टक्के. क्रोमॅटोग्राफीच्या स्तंभातून काढल्यावर ४ मिलिग्रॅम व ४०० एकके, म्हणजे १००. शुद्धता २० पट, उत्पन्न ४० टक्के. थिसिसमध्ये हा चार ओळींचा तक्ता दिसतो. त्यामागे चौदा-पंधरा वेळा फसलेला स्तंभ असतो, आणि पहाटे चार वाजता डायलिसिसचे पाणी बदलायला गेलेला विद्यार्थी.

१२. खानदेशातील उन्हाळ्यात प्रयोग चालतात का?

चालतात, पण वेळापत्रक त्याप्रमाणे आखावे लागते. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो, आणि छापील कार्यपद्धतीत ‘रूम टेंपरेचर’ असे लिहिलेले असते तेव्हा लिहिणाऱ्याच्या मनात २५ अंश असतात. वातानुकूलन बंद पडलेल्या खोलीत अॅक्रिलामाइडचे जेल काचांमध्ये ओतण्याआधीच चंचुपात्रात घट्ट होते. उपाय सोपा आहे: द्रावण बर्फावर ठेवावे, जेल घट्ट होण्याची क्रिया सुरू करणारे अमोनियम परसल्फेट सर्वांत शेवटी घालावे आणि कामे सकाळी आठच्या आत उरकावीत.

विजेचे मात्र गंभीर आहे. मी शिकत होतो त्या प्रयोगशाळेत एका मे महिन्यातील शनिवारी वीज गेली, जनरेटर सुरू झाला नाही, आणि सोमवारी उणे ८० अंशांचा फ्रीझर उघडला तेव्हा आत पाणी होते. माझे अकरा महिन्यांचे नमुने त्यात होते. तेव्हापासून प्रत्येक महत्त्वाच्या नमुन्याचा अर्धा भाग दुसऱ्या इमारतीतील फ्रीझरमध्ये ठेवण्याची सवय लागली. ती तुम्ही पहिल्या दिवसापासून लावून घ्यावी.

१३. एकूण किती वर्षे लागतात?

कोर्सवर्क धरून किमान तीन आणि कमाल सहा वर्षे. त्यावर पुनर्नोंदणीने दोन वर्षांची वाढ मिळू शकते. महिला आणि ४० टक्क्यांहून अधिक दिव्यांगत्व असलेल्या विद्यार्थ्यांना आणखी दोन वर्षे मिळतात, म्हणजे त्यांची कमाल मर्यादा दहा वर्षांची होते. प्रयोगांवर आधारलेल्या विषयात तीन वर्षांत कोणी पूर्ण केल्याचे क्वचितच दिसते. पाच वर्षे धरून चालावे. थिसिस सादर केल्यापासून व्हायवाच्या, म्हणजे तोंडी परीक्षेच्या, निकालापर्यंतची प्रक्रिया सहा महिन्यांत संपवावी, असे विनियम सांगतात.

१४. मी कनिष्ठ महाविद्यालयात शिकवतो. नोकरी सांभाळून करता येईल का?

अर्धवेळ पीएच.डी.ला परवानगी आहे. नोकरी देणाऱ्या संस्थेचे ना हरकत प्रमाणपत्र लागते आणि त्यात तीन गोष्टी स्पष्ट असाव्या लागतात: अर्धवेळ संशोधनाला परवानगी आहे, कामातून संशोधनासाठी पुरेसा वेळ मिळतो, आणि गरज पडल्यास कोर्सवर्कसाठी मोकळीक दिली जाईल. ऑनलाइन किंवा दूरशिक्षणाने पीएच.डी. होत नाही. मात्र जिवाणूंची वाढ दर दोन तासांनी मोजायची असते, ती तासिकांच्या मधल्या सुटीत मोजता येत नाही. अर्धवेळ विद्यार्थ्याने संगणकीय काम किंवा सुटीत संपणारे प्रयोग असलेला विषय घ्यावा.

१५. लग्न ठरले आहे, सासर दुसऱ्या जिल्ह्यात. पीएच.डी. सोडावी लागेल का?

नाही. महिला संशोधकांना संपूर्ण कालावधीत २४० दिवसांपर्यंत प्रसूती किंवा बालसंगोपन रजा मिळू शकते. लग्नामुळे वा अन्य कारणाने स्थलांतर झाल्यास आतापर्यंतचा संशोधन-डेटा नव्या विद्यापीठात नेता येतो. अट एवढीच की ते काम मूळ संस्थेला किंवा गाईडला मिळालेल्या अनुदानित प्रकल्पाचा भाग नसावे, आणि मूळ गाईड व संस्थेला योग्य श्रेय द्यावे. अनुदानित प्रकल्पावर नेमणूक झालेल्या मुलींनी ही अट नोंदणीच्या वेळीच लक्षात घ्यावी. सासरच्या मंडळींशी बोलताना ‘कॉलेज’ असे मोघम न म्हणता रात्रीही कधी कधी प्रयोगशाळेत थांबावे लागते, हे बैठकीतच सांगितलेले बरे.

१६. धडगावच्या पाड्यांवरून रक्ताचे नमुने किंवा सातपुड्यातून औषधी वनस्पती आणल्या तर काही परवानगी लागते का?

लागते, आणि ती नमुने घेण्याआधी. मानवी रक्तासाठी संस्थेच्या नीतिमत्ता समितीची मंजुरी आणि प्रत्येक व्यक्तीची माहितीपूर्वक संमती हवी. संमतीचा मजकूर तिला समजणाऱ्या भाषेत, म्हणजे भिली किंवा पावरीत, वाचून दाखवावा. मराठी कागदावर अंगठा घेणे ही संमती नव्हे. प्राण्यांवरील प्रयोगांना प्राणी नीतिमत्ता समितीची, तर जनुकीय बदल केलेल्या जिवाणूंना संस्थात्मक जैवसुरक्षा समितीची मंजुरी लागते. यावल अभयारण्यातून काहीही उचलायचे तर वनविभागाची परवानगी घ्यावी. नमुना परदेशी प्रयोगशाळेला पाठवायचा झाल्यास जैवविविधता कायदा, २००२ लागू होतो.

१७. गाईड दोन वर्षांनी निवृत्त होणार आहेत. चालेल का?

नवी नोंदणी होणार नाही. सेवानिवृत्तीला तीन वर्षांहून कमी काळ उरलेल्या अध्यापकाला नवे विद्यार्थी घेता येत नाहीत. नोंदणी आधीच झालेली असेल तर निवृत्तीनंतर ते वयाच्या सत्तरीपर्यंत सहमार्गदर्शक म्हणून राहू शकतात, मुख्य गाईड मात्र दुसरा नेमावा लागतो.

१८. थिसिसपूर्वी शोधनिबंध छापणे सक्तीचे आहे का? आणि मजकुरात किती साम्य चालते?

२०२२ च्या विनियमांनी प्रकाशनाची देशव्यापी सक्ती काढून टाकली; एखाद्या विद्यापीठाने ती स्वतःच्या अध्यादेशात ठेवली आहे का ते पाहावे. पैसे भरून आठ दिवसांत छापणाऱ्या नियतकालिकांपासून दूर राहावे.

साम्याबाबत यूजीसीचे वाङ्मयचौर्यविषयक २०१८ चे विनियम लागू आहेत. १० टक्क्यांपर्यंत कारवाई नाही. १० ते ४० टक्क्यांत सहा महिन्यांच्या आत सुधारित थिसिस द्यावा लागतो, ४० ते ६० टक्क्यांत एक वर्ष सादर करता येत नाही, आणि त्यापुढे नोंदणीच रद्द होते. इंग्रजी कच्चे असणारे विद्यार्थी बहुधा कार्यपद्धतीच्या प्रकरणात अडकतात, कारण ते जुन्या थिसिसमधून जसेच्या तसे उतरवलेले असते. आपण प्रत्यक्षात काय केले ते आधी मराठीत, बोलल्यासारखे लिहून काढावे आणि मग इंग्रजीत मांडावे. साम्य आपोआप उतरते.

१९. प्राध्यापक व्हायला पीएच.डी. पुरते का?

जुलै २०२३ पासून सहायक प्राध्यापकाच्या थेट भरतीसाठी नेट किंवा सेट (राज्याची पात्रता परीक्षा) ही किमान अट आहे आणि पीएच.डी. ऐच्छिक आहे. म्हणून पीएच.डी. चालू असतानाच सेट काढून ठेवावी. औषधनिर्मिती, निदान-संच आणि बियाणे कंपन्यांत मात्र पदवीइतकेच हाताचे कौशल्य विचारतात.

२०. पाच वर्षांनी निष्कर्ष नकारात्मक आला तर थिसिस नाकारतात का?

नकारात्मक निष्कर्षामुळे नाकारत नाहीत, अपुऱ्या पुराव्यामुळे नाकारतात. थिसिस गाईडखेरीज किमान दोन बाह्य परीक्षकांकडे जातो. त्यांपैकी एकाने नाकारला तर तो पर्यायी परीक्षकाकडे पाठवला जातो, आणि त्यानेही नाकारला तरच पदवी हुकते. समजा, एखाद्या वनस्पतीच्या अर्काने एन्झाइम रोखले जाईल असे वाटले होते आणि ते रोखले गेले नाही. तर परीक्षक प्रथम पाहतो की ज्ञात रोधक घातलेली कंट्रोलची नळी त्याच दिवशी, त्याच प्लेटमध्ये होती का. ती असेल आणि तीत एन्झाइम थांबलेले दिसत असेल, तर तुमचे ‘थांबले नाही’ हे विधान टिकते. प्रयोगवहीची ती मूळ पाने, तारखेसह, व्हायवाला सोबत न्यावीत.